पाण्यावरचा तवंग : एका कुतूहलाची पावणेदोनशे वर्षे

इ. स. 1757 च्या उन्हाळ्यात, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील लुईबर्ग हा फ्रेंचांचा किल्ला सर करण्याच्या हेतूने निघालेले 96 जहाजांचे इंग्रजी आरमार अटलांटिक महासागरात असता, त्या ताफ्याच्या सोबतीने पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळाचे वकील बेंजामिन फ्रँकलिन हे लंडनच्या प्रवासास चालले होते. वारा जोराचा होता आणि ताफ्यातील प्रत्येक जहाजामागे पाणी खळबळत होते. परंतु दोनच जहाजांच्या मागे पाण्याचा एक लांबच लांब पट्टा विलक्षण गुळगुळीत राहिला आहे, हे फ्रँकलिन यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी आपल्या कप्तानाला कारण विचारले. त्या जहाजांवरील आचाऱ्यांनी भटारखान्यातले तेलकट पाणी नुकतेच बाहेर ओतले असेल आणि त्यामुळे जहाजांच्या बाजूंना थोडा ओशटपणा आला असेल, असे कप्तानाने सांगितले. आणि जी गोष्ट सर्वांना ठाऊक ती या गृहस्थांना ठाऊक नाही, अशी किंचित तुच्छता त्याच्या बोलण्यात होती, हे फ्रँकलिन यांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. कप्तानाचा खुलासा त्यांना प्रथम पटला नाही. पण दुसरे काही कारण त्यांनाही सुचेना.

कप्तान चुकत नव्हता. त्याला कारण ठाऊक होते आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. फ्रँकलिन यांना मात्र ते उत्तर मिळाल्यानंतरच खरे प्रश्न पडू लागले : एवढेसे तेल एवढ्या पाण्यावर पसरते कसे, ते किती पातळ होऊ शकते, आणि वाऱ्याला हार न जाणारा समुद्र त्याच्यापुढे नमतो तो का? या प्रश्नांचा माग काढताना पुढे एक मुत्सद्दी, एक उमराव आणि औपचारिक उच्च शिक्षण न मिळालेली एक गृहिणी अशी तीन अगदी भिन्न स्थितींतील माणसे एका साखळीत गोवली गेली. आणि रेणूंचे आकारमान मोजण्यापासून नवजात बालकाच्या श्वासाचे रहस्य उलगडण्यापर्यंत त्या साखळीची टोके जाऊन पोहोचली.

तेलाने समुद्र शांत होतो, ही माहिती त्या काळीही अत्यंत जुनी होती. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने तिचा उल्लेख केला असून, पाणबुडे तोंडात तेल धरून पाण्याखाली ते सोडतात आणि त्यायोगे त्यांना तळाशी प्रकाश मिळतो, असेही तो लिहितो. तेलामुळे पाण्याचा पृष्ठभाग निसरडा होऊन वाऱ्याला त्यावर पकड मिळत नाही, अशी उपपत्ती ॲरिस्टॉटलने दिल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे. फ्रँकलिन यांनी तरुणपणी प्लिनीचा हा मजकूर वाचला होता, पण तेव्हा हसून सोडून दिला होता. जहाजावरील त्या प्रसंगानंतर मात्र त्यांनी जाणत्या दर्यावर्दी लोकांकडे चौकशी आरंभली. बर्म्यूडाचे कोळी भाल्याने मासे मारताना पाण्यावर तेल टाकतात, म्हणजे लाटांनी झाकलेला मासा स्पष्ट दिसतो. लिस्बनचे कोळी परत येताना नदीच्या मुखाशी पाणी फार उसळत असले तर बाटली-दोन बाटल्या तेल ओतून मार्ग सुकर करून घेतात, अशी हकीकत त्यांना कळली. म्हणजे ज्यांचे पोट समुद्रावर अवलंबून होते त्यांच्यापाशी हे ज्ञान शतकानुशतके नांदत होते. परंतु किती तेलाने किती पाणी शांत होते, हा हिशेब कोणी मांडला नव्हता. हिशेब नसल्यामुळेच ॲरिस्टॉटलच्या नावावर चाललेली उपपत्ती दोन हजार वर्षे कोणी तपासूनही पाहिली नाही.

लंडनच्या दक्षिणेस क्लॅपम येथे एक विस्तीर्ण तळे होते. एके दिवशी वाऱ्याने त्याचे पाणी हेलकावत असलेले पाहून फ्रँकलिन यांनी तेलाची कुपी आणवली आणि थोडे तेल पाण्यावर टाकले. ते झपाट्याने पसरले, पण लाटा शमल्या नाहीत. कारण वारा ज्या काठाकडे वाहत होता त्या काठावरून ते टाकले गेले होते आणि वाऱ्याने ते परत किनाऱ्याशी लोटले. तेव्हा फ्रँकलिन वाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे जेथून लाटा उठू लागत त्या काठावर गेले आणि तेथे चहाच्या चमच्याहून अधिक नसेल इतके तेल त्यांनी सोडले. काही चौरस यार्डांच्या जागेत पाणी तत्क्षणी स्थिर झाले. ती स्थिरता हळूहळू पलीकडच्या काठापर्यंत पसरली आणि तळ्याचा तो सारा भाग, सुमारे अर्धा एकर, आरशासारखा गुळगुळीत झाला. तेव्हापासून गावाबाहेर जाताना ते आपल्या बांबूच्या काठीच्या वरच्या पोकळ पेरात थोडे तेल भरून नेऊ लागले आणि पाणवठा दिसला की प्रयोग करून पाहू लागले.

या प्रयोगांतील त्यांचे एक निरीक्षण विशेष मोलाचे आहे. तेलाचा थेंब संगमरवरी मेजावर किंवा आरशावर ठेवला तर तो जागच्या जागी राहतो; पाण्यावर पडताच मात्र तो कित्येक फूट पसरतो, इतका पातळ होतो की त्यात इंद्रधनुष्याचे रंग दिसू लागतात, आणि त्याही पलीकडे तो इतका विरळ होत जातो की रंगही नाहीसे होऊन केवळ लाटा शमल्यावरूनच त्याचे अस्तित्व ओळखावे लागते. तेलाच्या कणांमध्ये परस्परांना दूर लोटणारी काही शक्ती पाण्याच्या संसर्गाने जागृत होत असावी, असा तर्क त्यांनी मांडला.

पुढे 1773 च्या ऑक्टोबरात पोर्ट्समथ येथे त्यांनी एक मोठा प्रयोग केला. किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचा जोर तेलाने कमी करता आला तर फौजेला आणि खलाशांना उतरणे सुलभ होईल, या आशेने आरमाराच्या एका कप्तानाने नौका पुरवल्या, आणि जोसेफ बँक्स व सोलँडर यांच्यासारखे निसर्गशास्त्रज्ञ साक्षीला आले. किनाऱ्यावरील लाटांच्या तडाख्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खोल समुद्रातून येणाऱ्या थोर लाटेला तेलाचा पापुद्रा अडवू शकत नाही. त्याची सत्ता वाऱ्याने उठणाऱ्या लहान तरंगांवर चालते. हा अपयशाचा वृत्तान्त फ्रँकलिन यांनी लपवला नाही. फसलेल्या प्रयोगाचा तपशीलही दिला पाहिजे, कारण पुढच्याला त्यातून सुधारणेची दिशा मिळते, असे सांगून त्यांनी तो आपले मित्र विल्यम ब्राउनरिग यांस लिहिलेल्या पत्रात सविस्तर मांडला आणि ते पत्र 1774 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे आश्चर्य वाटते ते एका न झालेल्या भागाकाराचे. चमचाभर तेल आणि अर्धा एकर पाणी ही दोन्ही परिमाणे फ्रँकलिन यांच्या हाती होती. एकाला दुसऱ्याने भागले असता तवंगाची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या एक ते अडीच पट येते, म्हणजे रेणूच्या आकारमानापर्यंत आपण एका झेपेत जाऊन पोहोचतो. परंतु पदार्थ रेणूंचा बनलेला असतो ही कल्पनाच तेव्हा सुस्थापित झाली नव्हती. त्यामुळे त्या संख्येला काही अर्थ असू शकतो हे कोणाच्या ध्यानी येण्यासारखे नव्हते. वाऱ्याला पकड मिळत नाही ही जुनीच उपपत्ती फ्रँकलिन यांनी स्वीकारली आणि प्रश्न शंभरावर वर्षे पडून राहिला.

तो पुन्हा हाती घेतला तो इंग्लंडातील एसेक्स परगण्यातील टर्लिंग येथील जमीनदार आणि आपल्या काळातील अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी. त्यांचे साधन आपल्याकडील प्रत्येक देवघरात असणारा कापूर हे होते. स्वच्छ पाण्यावर कापराचे बारीक तुकडे टाकले असता ते गरगर फिरू लागतात. कारण विरघळणारा कापूर आपल्या एका बाजूचा पृष्ठताण कमी करतो आणि दुसऱ्या बाजूचा अधिक ताण त्याला ओढून नेतो. पाण्यावर पुरेसा तेलाचा तवंग असेल तर मात्र हे भ्रमण थांबते. ते थांबवण्यास नेमके किती तेल लागते, हे 1890 मध्ये रॅले यांनी 84 सेंटिमीटर व्यासाच्या एका न्हाण्याच्या भांड्यात पाणी भरून मोजले. एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑलिव्ह तेल त्यास पुरले, आणि त्यावरून तवंगाची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे 1.6 पट निघाली. फ्रँकलिन यांनी न केलेला भागाकार अखेर झाला. परमाणू ही केवळ सोयीची कल्पना आहे असे मानणारे विद्वान युरोपात अजून पुष्कळ असताना हा आकडा प्रसिद्ध झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

रॅले यांचा हा प्रयोग ज्यांच्या वाचनात आला त्यांमध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरी आईवडिलांचा संसार सांभाळणारी एक अविवाहित स्त्री होती. ॲग्नेस पोकेल्स यांचा जन्म 1862 साली व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या फौजेत अधिकारी होते. उत्तर इटलीत त्यांना हिवतापाने गाठले आणि प्रकृती कायमची खालावल्यामुळे 1871 साली नोकरी सोडून ते कुटुंबासह ब्राउनश्वाइगला येऊन राहिले. मुलींच्या शाळेत असतानाच ॲग्नेसला पदार्थविज्ञानाची उत्कट गोडी लागली. परंतु जर्मन विद्यापीठांची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. बाडेन संस्थानाने ती 1900 साली आणि प्रशियाने 1908 साली उघडली. धाकटा भाऊ फ्रिट्झ गोटिंगेनला जाऊन भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि विद्युत्क्षेत्रात स्फटिकांच्या प्रकाशगुणांत घडणाऱ्या एका परिणामाला आज त्याचे नाव आहे. बहीण मात्र घरी राहून आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि स्वयंपाक करीत राहिली. भावाने पाठवलेली पुस्तके हेच तिचे विद्यापीठ होते.

लक्षावधी स्त्रिया जे ओशट खरकटे पाणी रोज नाइलाजाने पाहतात आणि घाईने टाकून देतात, त्याच पाण्याने या मुलीला निरीक्षणाची प्रेरणा दिली, आणि हे काव्य नसून अक्षरशः सत्य आहे, असे तिच्या भावजयीने पुढे लिहून ठेवले आहे. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षाच्या सुमारास तिने एक उपकरण सिद्ध केले. सत्तर सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद व दोन सेंटिमीटर उंच असे पत्र्याचे पन्हळ घ्यावे, त्यात काठोकाठ पाणी भरावे आणि सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी पाण्याला टेकेल अशी त्यावर आडवी ठेवावी. पट्टी पुढेमागे सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग हवा तेवढा आकुंचित वा विस्तृत करता येतो. पृष्ठताण मोजण्यासाठी तिने एका हलक्या तराजूच्या दांडीला सहा मिलिमीटर व्यासाची लहानशी चकती टांगली आणि ती पाण्यावरून उचलून घेण्यास किती वजन लागते हे पाहिले. बोटाच्या स्पर्शाने वा हवेतल्या धुळीनेही पाण्याचा पृष्ठभाग मलिन होतो, हे ओळखून तीच पट्टी आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून तो झाडून घेण्याची पद्धत तिने बसवली. पृष्ठविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून ती युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली.

या साध्या सामग्रीने तिने जे शोधले ते विद्यापीठांतील कोणालाही तोवर इतक्या स्पष्टपणे दिसले नव्हते. तवंग असलेला पृष्ठभाग पट्टीने आकुंचित करीत गेले तर एका मर्यादेपर्यंत पृष्ठताण शुद्ध पाण्याइतकाच राहतो. ती मर्यादा ओलांडली की तो एकाएकी झपाट्याने उतरू लागतो. पंगतीत माणसे ऐसपैस बसलेली असतात तोवर त्यांना सरकवताना कोणी कुरकुर करीत नाही, पण खांद्याला खांदा लागला की पुढच्या प्रत्येक बोटाइतक्या जागेसाठी रेटा द्यावा लागतो. तेलाच्या रेणूंचेही तसेच घडते. ज्या बिंदूशी हा पालट होतो त्याला शास्त्रज्ञांनी पुढे पोकेल्स बिंदू हे नाव दिले. समुद्र का शमतो याचा खुलासाही येथेच होता. वारा तवंगावरून घसरतो म्हणून नव्हे, तर तरंग उठताना तवंग कोठे ताणला व कोठे दाबला जातो, त्याबरोबर पृष्ठताण जागोजागी बदलतो आणि तो बदललेला ताण तरंगाची शक्ती शोषून घेतो म्हणून पाणी स्थिर होते.

सुमारे दहा वर्षे हे कार्य घरातल्या घरात चालले. रॅले यांच्या प्रयोगांचा वृत्तान्त वाचल्यावर, 10 जानेवारी 1891 रोजी ॲग्नेसबाईंनी त्यांना जर्मन भाषेत एक पत्र लिहिले. परकी भाषेत त्रास देत असल्याबद्दल क्षमा मागून, विविध कारणांमुळे आपले निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करण्याची आपणास सोय नाही असे कळवले, आणि उपकरणाचे वर्णन व मोजमापे तपशीलवार दिली. पत्र लिहिणारी कोण, कुठली, याचा रॅले यांना पत्ता नव्हता. तिच्यामागे पदवी नव्हती, संस्था नव्हती, कोणा प्राध्यापकाची शिफारस नव्हती. तिचे काही निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या चालू संशोधनाच्याच क्षेत्रातले होते. अशा वेळी पत्राला विनयपूर्वक पोच देऊन ते दप्तरात ठेवून देणे सहज शक्य होते. रॅले यांनी तसे केले नाही. त्यांच्या पत्नीने पत्राचा इंग्रजी अनुवाद केला आणि रॅले यांनी तो 'नेचर' साप्ताहिकाच्या संपादकांकडे स्वतःच्या पत्रासह पाठवला. अगदी घरगुती साधनांनी एका जर्मन स्त्रीने मलिन जलपृष्ठाविषयी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, त्यांचा पूर्वभाग आपल्या अलीकडील कार्याशी बहुतांशी जुळतो आणि उत्तरभाग अनेक महत्त्वाचे प्रश्न उपस्थित करतो, असे त्यांनी त्यात निःसंकोच म्हटले. 12 मार्च 1891 च्या अंकात ते सर्व प्रसिद्ध झाले. त्यानंतर बाईंचे आणखी निबंध प्रसिद्ध होत गेले; आणि तवंगाचा पृष्ठताण उतरू लागतो त्या क्षणी रेणूंचा एकच थर पाण्यावर दाटीने बसलेला असतो, हा निष्कर्ष 1899 मध्ये रॅले यांनी त्यांच्याच पद्धतीच्या आधारे मांडला.

गृहस्थितीने मात्र बाईंना सवड दिली नाही. आईवडिलांची दुखणी वाढली. 1906 साली वडील, 1913 मध्ये भाऊ आणि 1914 मध्ये आई निवर्तली. भावाच्या मृत्यूबरोबर नव्या शास्त्रीय वाङ्मयाशी असलेला जिवंत दुवाही तुटला आणि महायुद्धाने उरलेसुरले संबंध तोडले.

सूत्र पुढे नेले ते अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्व्हिंग लँगम्यूर यांनी. 1917 साली त्यांनी पोकेल्सबाईंच्या पन्हळात सुधारणा करून, तवंगाचा दाब सरळ मोजता येईल अशी तरंगती पट्टी बसवली. सोळा, अठरा आणि सव्वीस कार्बन परमाणूंच्या साखळ्या असलेली तीन मेदाम्ले घेतली असता, लांबी इतकी भिन्न असूनही प्रत्येकाच्या एका रेणूला पाण्यावर जवळजवळ सारखीच जागा लागते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ एकच होऊ शकत होता : हे रेणू पाण्यावर आडवे पसरत नाहीत, तर पाण्याची आवड असलेले टोक खाली बुडवून आणि तेलकट शेपूट वर करून ताठ उभे राहतात. तेलाचा थेंब संगमरवरावर स्वस्थ बसतो आणि पाण्यावर धावत सुटतो, या फ्रँकलिन यांच्या कोड्याचे उत्तर अशा रीतीने मिळाले. पृष्ठरसायनातील संशोधनाबद्दल लँगम्यूर यांना 1932 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने सत्तर वर्षांच्या ॲग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. आदल्या वर्षी फ्रेंच संशोधक आंरी देव्हो यांच्यासह त्यांना लॉरा लिओनार्ड पारितोषिक मिळाले होते. परमाणूंच्या अस्तित्वावर दीर्घकाळ अविश्वास दाखवणारे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे चिरंजीव वोल्फगांग यांनी बाईंच्या सत्तरीनिमित्त त्यांचा गौरवलेख लिहिला. 21 नोव्हेंबर 1935 रोजी बाई निधन पावल्या.

पत्र्याच्या त्या पन्हळाची वंशावळ येथे संपत नाही. 1925 साली हॉलंडमधील लायडेन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून तो तशाच पन्हळात पसरला. त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठाच्या दुप्पट भरले, आणि पेशीचे आवरण मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते या सिद्धान्ताचा पाया घातला गेला. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे एकेरी थर काचेवर एकावर एक चढवून 1938 मध्ये प्रकाश परावर्तित न करणारी काच तयार केली. 1957 साली जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातील द्रवाचा तवंग पन्हळात दाबून पाहिला, तेव्हा त्याचा पृष्ठताण अत्यंत उतरतो आणि त्यामुळेच श्वास सोडल्यावर फुप्फुसातील सूक्ष्म पुटिका मिटून जात नाहीत, हे दिसून आले. 1959 मध्ये बोस्टन येथील मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की, श्वास कोंडून दगावणाऱ्या अकाली जन्मलेल्या बालकांच्या फुप्फुसांत नेमक्या याच तवंगाचा अभाव असतो. 1980 मध्ये जपानचे फुजिवारा यांनी तो बाहेरून पुरवून अशा बालकांवर उपचार केल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि हा उपचार पुढे जगभर रूढ झाला.

या सर्व परंपरेचा हिशेब मांडताना दोन गोष्टी स्पष्टपणे जमेस धरल्या पाहिजेत. पहिली ही की, नुसता तर्क कितीही तीक्ष्ण असला तरी मोजमापाशिवाय तो पुढे सरकत नाही; ॲरिस्टॉटलची उपपत्ती खुद्द फ्रँकलिनसारख्या चौकस पुरुषालाही चकवू शकली, आणि सहा मिलिमीटरच्या चकतीने तिचा निकाल लावला. त्या चकतीला धन लागले नाही, संस्था लागली नाही. लागली ती दहा वर्षांची अविचल निष्ठा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिज्ञासा कोठेही उपजते, गलबतावर उपजते तशी स्वयंपाकघरातही उपजते, आणि तिला कोणाच्या परवान्याची गरज नसते. परंतु एकट्याच्या वहीत राहिलेले ज्ञान जगाच्या उपयोगी पडत नाही. ते जगापर्यंत जाण्यास ऐकून घेणारा कोणी भेटावा लागतो. कप्तानाने प्रश्नाला हिणवले, तरीही फ्रँकलिन यांची प्रतिष्ठा त्यांचा प्रश्न रॉयल सोसायटीपर्यंत नेण्यास समर्थ होती. पोकेल्सबाईंपाशी तसे काहीच नव्हते, आणि त्यांचे पत्र केवळ एका न्यायबुद्धीच्या माणसाच्या हाती पडले म्हणून टिकले. अर्ध्या समाजाला विद्यापीठाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचे दोष एका उदार पत्रोत्तराने भरून निघत नाहीत, हे खरे आहे. तरीही अपरिचिताने विचारलेला प्रश्न त्याच्या गुणावरून तोलण्याचे कर्तव्य प्रत्येक जाणत्यावर आहे, आणि रॅले यांनी ते बजावले म्हणूनच पेशीच्या आवरणापासून बालकाच्या श्वासापर्यंतचा हा मार्ग खुला झाला.